शिकाऊ उमेदवारी आणि आयटीआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयला शिकणारी मुलं-मुली, त्यांचे आईवडील आणि कधीमधी एखादा वर्कशॉपवाला, असे सगळे मिळून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कंपनीत "ट्रेनी" म्हणून लागलो. हीच अप्रेंटिसशिप का?

नावावरून ठरत नाही, करारावरून ठरतं. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) अधिनियम 1961 खाली तुमचा आणि कंपनीचा करार झाला असेल आणि त्याची सरकारकडे नोंद असेल, तरच तुम्ही कायद्याने अप्रेंटिस. आता हे करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर ऑनलाइन होतात आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो. कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर "ट्रेनी" किंवा "जॉब ट्रेनिंग" असं काहीही लिहून दिलं आणि पोर्टलवर नोंदच नसेल, तर वर्षाअखेरीस राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात करार क्रमांक मागा. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर सावध व्हा.

2. आयटीआयला दोन वर्षं फिटर केलं. पुन्हा एक वर्ष अप्रेंटिसशिप कशाला?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही एमएसचा तुकडा हॅक्सॉने कापता, बास्टर्ड फाईलने घासता, सर्फेस प्लेटवर मार्किंग करता, ट्राय स्क्वेअर लावून काटकोन तपासता. नर-मादी जोडणीचा जॉब उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा फाईल. यातून हात तयार होतो. तो झाला नाही तर पुढचं सगळं डळमळीत राहतं.

पण तो जॉब बिघडला तर दुसरा तुकडा मिळतो. कंपनीत मशीन बंद पडलं की पाळीचं उत्पादन थांबतं, मेंटेनन्सचा माणूस आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, आणि पंधरा मिनिटांत काय उघडायचं नि काय नाही हे ठरवतो. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, पाळला नाही तर अख्खा लॉट परत येतो. हे शिकवायला आयटीआयमध्ये ना तशी मशीन असतात ना तसा दबाव. शिवाय आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिसशिपमधल्या मूलभूत प्रशिक्षणातून सूट असते, त्यामुळे मुदतही कमी होते. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वे, महावितरण, संरक्षण खात्याचे कारखाने अशा ठिकाणच्या तांत्रिक भरतीत त्याला वजन आहे.

3. विद्यावेतन किती मिळायला हवं?

2019 च्या दुरुस्तीने किमान आकडे असे ठरले: पाचवी ते नववी शिकलेल्यांना महिना 5,000 रुपये, दहावी झालेल्यांना 6,000, बारावी किंवा आयटीआय झालेल्यांना 7,000, डिप्लोमाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 9,000. दुसऱ्या वर्षी 10 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 15 टक्के वाढ. कंपनी याहून जास्त देऊ शकते, कमी नाही. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही पट्टी 6,800 ते 12,300 पर्यंत नेण्याची शिफारस केली. करार करताना पोर्टलवर त्या दिवशी लागू असलेला दर बघा आणि तोच करारात आहे का ते ताडून घ्या.

माझं स्पष्ट मत: चाकण किंवा रांजणगावात खोलीभाडं, मेस आणि बसचा खर्च धरला तर 7,000 रुपयांत बाहेरगावचा मुलगा राहूच शकत नाही. घरून पैसे येणाऱ्यालाच अप्रेंटिसशिप परवडते आणि ज्याला गरज जास्त तो पॅकिंगच्या कंत्राटी कामाला जातो. सुधारणांची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

4. विद्यावेतनातला सरकारचा हिस्सा खात्यात आला नाही. कोणाला विचारू?

ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे एनएपीएसमध्ये, केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के भाग देतं, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये. पूर्वी हे पैसे कंपनीला परत मिळत. ऑगस्ट 2023 पासून ते थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतात. म्हणून 7,000 पैकी कंपनीकडून 5,500 आले तर लगेच फसवणूक समजू नका.

बाकीचे 1,500 अडकतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. दोन, कंपनीने त्या महिन्याची हजेरी आणि आपल्या हिश्श्याची नोंद पोर्टलवर भरलेली नसते. पहिलं बँकेत जाऊन तपासा, दुसऱ्यासाठी एचआरकडे लेखी विचारणा करा. कंपनीचा स्वतःचा हिस्सा मात्र पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत मिळायला हवा. सरकारी पैसे आले नाहीत हे कारण त्याला चालत नाही.

5. एनएपीएस आणि एनएटीएस यात फरक काय?

एनएपीएस कौशल्य विकास मंत्रालयाची, मुख्यतः आयटीआय झालेल्यांसाठी आणि शाळा सोडलेल्यांसाठी. एनएटीएस, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, शिक्षण मंत्रालयाची, पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी. तिचं पोर्टल वेगळं आहे आणि पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. एनएटीएसमध्ये किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र उचलतं. डिप्लोमा झालेली मुलं पुष्कळदा चुकीच्या पोर्टलवर नोंदणी करून महिनोन् महिने वाट बघत बसतात.

6. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना किंवा पीएम इंटर्नशिप केली तर ती अप्रेंटिसशिप धरतात का?

नाही. महाराष्ट्राच्या कार्यप्रशिक्षण योजनेत, जी 2024 मध्ये आली, बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये अशी रक्कम ठरली. मुदत आधी सहा महिने होती, 2025 मध्ये ती अकरा महिने झाली. आकडे अप्रेंटिसशिपपेक्षा मोठे दिसतात म्हणून पुष्कळजण तिकडे वळले. पण अनेकांच्या वाट्याला कार्यालयातलं टेबलावरचं काम आलं. त्यातून ट्रेडचं, म्हणजे फिटर-टर्नरसारख्या व्यवसायाचं, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.

पीएम इंटर्नशिप ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली: वय 21 ते 24, मुदत बारा महिने, महिना 5,000 रुपये. तिच्यातही ट्रेड परीक्षा नाही. हातचं कौशल्य हवं असेल तर पैशाच्या फरकावर ट्रेड सोडू नका. मात्र घरची अडचण असेल आणि दोन पैसे जास्त मिळणं आत्ताच गरजेचं असेल, तर तो निर्णय चुकीचा म्हणणार नाही. एक मात्र आधी वाचून घ्या, या योजनांमध्ये आधी दुसरी योजना केलेल्यांना अपात्र ठरवणाऱ्या अटी असतात.

7. पोर्टलवर पन्नास ठिकाणी अर्ज केले, एकही फोन नाही. काय चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नाही. पोर्टलवर टाकलेल्या जागा कित्येकदा भरून गेलेल्या असतात पण काढलेल्या नसतात. तुमच्या आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात जा, ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात. जिल्ह्यातल्या कंपन्यांना अप्रेंटिस देण्याचं काम तिथूनच चालतं आणि कोणत्या कंपनीत किती जागा बाकी आहेत हे त्यांना ठाऊक असतं. भरती मेळाव्याला मूळ कागदपत्रं, आधार, पासबुक आणि प्रोफाइल पूर्ण भरलेला नोंदणी क्रमांक घेऊन जा. रेल्वेत दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, लेखी परीक्षा नसते. तिथे कमी गुणांना दुसरा मार्ग नाही.

8. करारावर सही करण्याआधी काय बघू?

ट्रेडचं नाव, मुदत, विद्यावेतन, प्रशिक्षणाचं ठिकाण. ट्रेड नीट वाचा. तुम्ही टर्नर असाल आणि करारात "असेंब्ली ऑपरेटर" असेल, तर ती ऐच्छिक ट्रेड आहे, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेली. अशा ट्रेड 2014 च्या दुरुस्तीनंतर आल्या, त्यांची मुदत सहा महिने ते तीन वर्षं असू शकते. त्या वाईट नसतात, पण टर्नरचं प्रमाणपत्र त्यातून मिळणार नाही. उमेदवार सज्ञान नसेल तर पालकांची सही लागते. मूळ गुणपत्रिका आणि टीसी पडताळणी झाल्यावर परत घ्या. "मुदत संपेपर्यंत आमच्याकडे राहू द्या" असं म्हणणाऱ्यांना ठाम नकार द्या.

9. ओव्हरटाईम करायला लावतात. चालतं का?

ओव्हरटाईमला शिकाऊ उमेदवारी सल्लागारांची, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते आणि ती "प्रशिक्षणाच्या हिताचं आहे" किंवा सार्वजनिक हिताचं आहे, या कारणावरच मिळू शकते. रोज चार तास जादा थांबवणं यात बसत नाही. रोजचे तास कंपनी ठरवते आणि सुट्ट्या त्या कारखान्याच्या नियमांप्रमाणे असतात. विद्यावेतन नगावर मोजता येत नाही. "इतके पीस काढले तर इतके पैसे" असं असेल तर ते कलम 13 च्या विरुद्ध आहे.

10. पीएफ, ईएसआय, अपघात, यातलं काय लागू?

या कायद्याखालचा अप्रेंटिस कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. कलम 18 तेच सांगतं. म्हणून पीएफ कापला जात नाही, ईएसआय लागू होत नाही, बोनस नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही वेतन संहितेच्या "कर्मचारी" या व्याख्येतून अप्रेंटिसला वगळलं आहे.

दोन संरक्षणं मात्र आहेत. आरोग्य आणि सुरक्षेचे कारखान्याचे नियम तुम्हालाही लागू आहेत. हेल्मेट, शूज, गॉगल, हातमोजे मागून घ्यायचे. आणि कामामुळे इजा झाली तर कलम 16 प्रमाणे नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची. पॉवर प्रेसवर बोट गेलं आणि ठेकेदार म्हणाला "हा आमचा माणूसच नाही", तर करार क्रमांक हा तुमचा पहिला पुरावा. प्रश्न 1 मध्ये तो आग्रह धरला आहे तो यासाठीच.

11. सहा महिने एकाच लाइनवर एकच नट आवळतोय. याला शिकणं म्हणायचं का?

नाही. अप्रेंटिसशिपचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. कामगाराला लागणारे पैसे आणि हक्क वाचवायचे म्हणून काही ठिकाणी अप्रेंटिसना थेट उत्पादनाला जुंपतात. बारा महिन्यांनी मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याला मायक्रोमीटर धरता येत नाही आणि ट्रेड परीक्षेत प्रॅक्टिकलला बसतो तेव्हा घाम फुटतो.

काय करता येईल: प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. त्याची प्रत डाउनलोड करा आणि लॉगबुकमध्ये रोज काय केलं ते खरं लिहा. "सुपरवायझरने सांगितलं तसं" अशी ओळ नको, "स्टेशन 4, एम8 बोल्ट टॉर्किंग" असं लिहा. दोन-तीन महिन्यांनी अभ्यासक्रमातलं काय राहिलं याची यादी करून ट्रेनिंग विभागाला नम्रपणे लेखी द्या. मोठ्या कंपन्यांत एवढ्यानेही विभाग बदलून मिळतो, कारण ऑडिटला लॉगबुक बघितली जातात. नाहीच मिळाला तर आपल्या भागाच्या सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांकडे अर्ज करा. चार-पाच जणांनी मिळून केलेला अर्ज जास्त परिणाम करतो आणि एकट्यावर राग निघत नाही.

धोरण ठरवणाऱ्यांनाही हेच विचारायला हवं. देशात किती करार झाले याच्या आकड्यांचा मोठा गाजावाजा होतो. त्यातल्या किती जणांनी मुदत पूर्ण केली, किती परीक्षेला बसले आणि किती जण त्याच ट्रेडमध्ये कामाला आहेत, हे प्रत्येक कंपनीच्या नावापुढे जाहीर झालं तर मुलं स्वतःच चांगली जागा निवडतील.

12. मधेच सोडलं तर दंड भरावा लागतो का?

कराराच्या मुदतीआधी कोणत्याही बाजूला तो संपवायचा असेल तर सल्लागारांकडे अर्ज करावा लागतो. चूक कंपनीची ठरली तर ती शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई देते. चूक उमेदवाराची ठरली तर प्रशिक्षणाचा खर्च मागितला जाऊ शकतो. न सांगता गैरहजर राहून घरी निघून येणं सर्वांत वाईट, कारण पोर्टलवर करार लोंबकळत राहतो आणि दुसरीकडे नोंदणी होत नाही. पुढचा भाग प्रश्न 19 मध्ये आहे.

13. अप्रेंटिसशिप झाल्यावर त्याच कंपनीत कायम करतात का?

कायद्याने बंधन नाही. कलम 22 मध्ये 2014 साली एवढंच घातलं गेलं की प्रत्येक कंपनीने अप्रेंटिसना नोकरीत घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवावं. मुलाखतीत ते धोरण काय आहे, हे विचारायला लाजू नका.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं की बाकी सगळं समान असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. सरकारी उपक्रमांच्या भरतीत हा निकाल आजही पुढे केला जातो. पण प्राधान्य म्हणजे हमी नाही.

रेल्वेचं उदाहरण मुंबईकरांना आठवत असेल. 20 मार्च 2018 ला रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेले शेकडो तरुण दादर-माटुंग्यादरम्यान रुळांवर बसले आणि मध्य रेल्वेची लोकल सकाळच्या गर्दीत ठप्प झाली. रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत अशांसाठी 20 टक्के जागा राखीव आहेत, तेवढ्या पुरेशा नाहीत, सरळ सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती. त्या मुलांचा राग समजण्यासारखा होता. वर्षभर कारशेडमध्ये काम केल्यावर पुन्हा लाखोंच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून रेल्वेत जाताना 20 टक्क्यांचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवून जा.

14. मुलगी वेल्डर किंवा फिटरला गेली तर पुढे तिला घेतात का?

घेतात. पुण्याच्या वाहन उद्योगात काही लाइनवर मुलींचं प्रमाण चांगलं वाढलं आहे. सही करण्याआधी आईवडिलांनी एकदा जागेवर जाऊन बस कुठून सुटते, चेंजिंग रूम आणि स्वच्छतागृह शॉपपासून किती लांब आहे आणि तक्रार समिती आहे का, एवढं बघून यावं.

15. माझं भोसरीला बारा माणसांचं वर्कशॉप आहे. मी अप्रेंटिस घेऊ शकतो?

हो. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना हे ऐच्छिक आहे. तीस किंवा जास्त असतील, आणि यात कंत्राटी माणसंही धरतात, तर सक्तीचं: एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के. सक्ती असून जागा रिकाम्या ठेवल्या तर दर रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने महिना 500 रुपये आणि नंतर 1,000 रुपये दंड. पूर्वीची तुरुंगवासाची तरतूद 2014 मध्ये निघाली.

लहान वर्कशॉपबद्दल मला आशा वाटते, आणि ती निराधार नाही. बारा माणसांच्या टूलरूममध्ये मुलगा मालकाशेजारी उभा राहून डाय उघडतो, ग्राइंडिंग बघतो, ग्राहकाचा फोन ऐकतो. मोठ्या कारखान्यात तीन वर्षांत दिसत नाही ते इथे सहा महिन्यांत दिसतं. अडचण फक्त कागदांची. औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने दहा-वीस वर्कशॉपची नोंदणी आणि पोर्टलचं काम एकत्र केलं तर ती पुष्कळ हलकी होते.

16. आयटीआय खासगी कंपन्यांना देणार म्हणे. पीएम-सेतू नक्की काय आहे?

मे 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 60,000 कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे 30,000, राज्यांचे 20,000 आणि उद्योगांचे 10,000 कोटी. देशातल्या 1,000 शासकीय आयटीआयचं अद्ययावतीकरण होणार, 200 मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या 800. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएम-सेतू नावाने तिची सुरुवात झाली. मालकी सरकारचीच राहते, उद्योगांना कारभारात आणि अभ्यासक्रमात मोठा वाटा मिळतो.

महाराष्ट्रात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. मोठ्या शहरातल्यांना उद्योग भागीदार सहज मिळेल. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आयटीआयला कोण येणार, हा खरा प्रश्न. आणि नव्या सीएनसी मशीनपुढे उभा राहणारा निदेशक कुठे आहे? कायम पदं रिकामी, शिकवणारे तासिका तत्त्वावर, हे चित्र बदललं नाही तर मशीनवरचं प्लास्टिक तसंच राहील.

17. जर्मनीसारखी पद्धत आपल्याकडे का नाही? आणि तिकडे जाता येईल का?

थोडी आहे. 2016 पासून काही आयटीआयमध्ये दुहेरी प्रशिक्षण पद्धत चालते, काही काळ संस्थेत, काही काळ कंपनीत. पण जर्मनीत 1969 पासून कायदा आहे, परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं आणि कंपनीत शिकवणाऱ्याला शिकवण्याची वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते. आपल्याकडचा लाइन सुपरवायझर टार्गेट सांभाळत मधल्या वेळात शिकवतो. 2025 मध्ये तिथे पहिल्या वर्षाचं किमान प्रशिक्षण वेतन महिना 682 युरो होतं.

जाण्याबद्दल: फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. दार उघडं आहे, पण उंबरठा भाषेचा आहे. तिकडे प्रशिक्षणासाठी जायचं तर जर्मनची साधारण बी1 पातळी लागते आणि त्याला बरेच महिने रोजचा अभ्यास हवा. भाषा न शिकवता "व्हिसा करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

18. रोबोट आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्या. कोणता ट्रेड घेऊ? पुढे शिकता येईल का?

डिझेल मेकॅनिक एका रात्रीत संपणार नाही, रस्त्यावरची वाहनं अजून बरीच वर्षं दुरुस्तीला येतील. इलेक्ट्रिशियन, वायरमन, मेकॅट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिक वाहनाचा ट्रेड यांना मागणी वाढते आहे. वेल्डिंग रोबोटलाही प्रोग्रॅम शिकवणारा लागतो, आणि ज्याने स्वतः वेल्ड मारलंय तोच ते नीट शिकवतो.

पुढचं शिक्षण बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पदवी अभ्यासक्रमातच अप्रेंटिसशिप जोडण्याची मुभा यूजीसीच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांनी दिली आहे.

19. माझा करार अर्धवट राहिला. दुसऱ्यांदा अप्रेंटिसशिप करता येते का?

येते, पण आपोआप नाही. आधीचा करार कोणत्याही कारणाने संपवला गेला असेल तर नव्या करारासाठी सल्लागारांची पूर्वपरवानगी लागते. अर्जासोबत सोडण्याचं कारण सिद्ध करणारा कागद जोडा: आजारपणाचा दाखला, कंपनी बंद झाल्याचं पत्र, किंवा प्रश्न 11 मधल्यासारखी तक्रार केली असेल तर तिची पोच. एनएपीएसचा सरकारी हिस्सा 14 ते 35 या वयातच मिळतो, तेव्हा वय पस्तिशीजवळ असेल तर वेळ घालवू नका. आधी पोर्टलवर जुना करार "संपलेला" दिसतो का ते बघा. "चालू" दिसत असेल तर जुन्या कंपनीला तो बंद करायला लेखी सांगा आणि त्या पत्राची पोच घेऊनच बीटीआरआयला जा.